बोरजाईच्या मास्तरांच्या हसण्याबाबत

गालातल्या गालात हसणे ही क्रिया मी आयुष्यात एकदाही केलेली नाही, हे मी पूर्ण शुद्धीवर आणि जबाबदारीने नमूद करतो. हेच विधान मी यापूर्वी तीन ठिकाणी केले आहे. एकदा मामलेदारांपुढे, एकदा माझ्या कुटुंबापुढे आणि एकदा ओढ्याकाठी एका अनोळखी गृहस्थापुढे. मामलेदारांनी ते लिहून घेतले, कुटुंबाने ते अर्ध्यावरच तोडले आणि तो गृहस्थ ते ऐकता ऐकता स्वतःच गालातल्या गालात हसला. तेव्हा विधान खरे असले तरी त्याचा आजवर कोणाला काही उपयोग झालेला नाही.

सन १९४४च्या पावसाळ्यात बोरजाईच्या शाळेत मी बायकांचा साक्षरता वर्ग सुरू केला. बी. ए. झालेला मनुष्य वडूजपासून चार कोस आत, बोरजाईसारख्या गावी काय करीत होता, हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे आणि त्या चौकशीला मी हजर राहणार नाही. बोरजाई हे पलटणीचे गाव. लालासाहेब पाटलांनी एकाच दिवशी चावडीपुढे बावीस गडी उभे करून भरतीवाल्यांच्या हवाली केले होते, आणि ते बावीसही एकाच कंपनीत, ब्रह्मदेशाकडे कुठेतरी लढत होते. त्यांच्या बावीस बायका रोज शाळा सुटल्यावर तासभर माझ्यापुढे पाटी घेऊन बसत.

त्या शिकायला आल्या त्याचे श्रेय मला नसून जोतीराम टपालवाल्याला आहे. लढाईवरून आलेले पत्र जोतीराम ज्याच्या त्याच्या घरी नेऊन देत नसे; चावडीच्या कट्ट्यावर बसून खड्या आवाजात वाचून दाखवीत असे. नवऱ्याने बायकोसाठी काही हळवे लिहिले असले की तो घसा साफ करून ती ओळ दोनदा वाची. बावीसजणींत सगळ्यांत चलाख अंजना. नाथाजी शिपायाची बायको, माहेर पलूसकडचे. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, "आवं मास्तर, माझं पत्र आदी गाव ऐकतंय आन् मागनं मी. मला येवढं शिकवा, की जोतीरामनं लखोटा हातात द्यावा आन् वाटंला लागावं. त्येच्याम्होरं शिकायचं न्हाई मला."

म्हणजे मागणी अगदी माफक होती. ती मी तेवढ्यावर ठेवली असती तर पुढचे काहीच झाले नसते. पण दिवाळीपर्यंत बायका जोडाक्षरे लिहू लागल्या, आणि माझ्यातला बी. ए. जागा झाला. माझे असे प्रामाणिक मत होते, की ज्याला माणसाच्या चेहऱ्यावरचे शब्द वाक्यात बरोबर वापरता येत नाहीत तो साक्षर नव्हे. एवढा मोठा चेहरा देवाने दिला, त्यावर इतक्या गोष्टी घडतात, आणि त्या नीट लिहिता येऊ नयेत? मी फळ्यावर यादी लिहिली. कपाळाला आठ्या घालणे. डोळे वटारणे. नाक मुरडणे. आ वासणे. गालातल्या गालात हसणे. रोज एक शब्द, आणि त्याचा स्वतःच्या वाक्यात उपयोग.

पहिल्या दिवशी बावीसही पाट्या कोऱ्या राहिल्या.

"अंजना, यात अवघड काय आहे?" मी विचारले. "कपाळाला आठ्या कोणी घातल्या, ते लिही."

"आमच्या सासूनं..." एवढे तिच्या तोंडून निघाले आणि तिने जीभ चावली. कारण वर्गाच्या दाराबाहेर सगळ्यांच्या सासवा राखणीला बसत, आणि अगदी उंबऱ्याला टेकून अंजनाची सासू मनुबाई असे.

"लिव की," मनुबाई बाहेरून म्हणाली. "थांबलीस का? लिव सासूनं आठ्या घातल्या. घरी ये, मग आनखी घालती."

सासू बाद झाली. नवऱ्याचे नाव बायकोने घ्यायचे नाही, मग लिहिण्याची गोष्टच नको. सासऱ्याच्या आणि दिरांच्या तोंडाकडे बघायचेच नाही, तेव्हा त्यावर काय घडले हे सुनेला ठाऊक असणे हेच मुळात वाईट. लालासाहेब पाटील वडीलधारे. गावात उरलेले झाडून सगळे पुरुष कोणाचे ना कोणाचे सासरे, दीर नाहीतर भावकी. वाक्याला कर्ता लागतो, आणि बोरजाईत कर्ता व्हायला मोकळा असा पुरुष मी एकटाच होतो. बराच वेळ कुजबुज झाली, आणि मग बावीस पाट्यांवर एकच वाक्य उमटले : मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

मी ते विद्येच्या दृष्टीने पाहिले. पुढच्या आठवड्यात मी बावीस वेळा डोळे वटारले, बावीस वेळा नाक मुरडले आणि बावीस वेळा आ वासला. उपयोग बरोबर होता. माझी तक्रार नव्हती.

आता कागदाकडे वळतो. साक्षरता वर्गांची परीक्षा घेणाऱ्या समितीला शाईने लिहिलेले नमुने हवे होते, आणि लढाईपायी कागद मिळत नव्हता. शाळेचे हजेरीपत्रकसुद्धा मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर ठेवीत असे. मात्र पलटणीतल्या लोकांच्या घरी पत्रे लिहायला म्हणून सरकारातून थोडे कागद येत. तेव्हा बायकांनी गृहपाठ त्याच कागदावर आणावा असे मी ठरवले. वरच्या अंगाला दोन-तीन ओळी वाक्य, खाली माझा तांबड्या शाईचा शेरा. बाकीचा कागद कोरा.

गालातल्या गालात हसण्याच्या दिवशी मी जरा जास्तच रंगात आलो होतो. "नुसते 'मास्तर हसले' असे कोरडे वाक्य चालणार नाही," मी बजावले. "कधी हसले, कुठे हसले, कोणाकडे बघून हसले, सगळे आले पाहिजे. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे."

ते पुढे उभे राहिले. त्याबद्दल मला शंका नाही.

अंजनाने लिहिले होते : 'मी ओढ्यावरून पाणी घेऊन येत होते. वाटेवर कोणी नव्हते. मास्तर माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले.' खाली मी तांबड्या शाईने लिहिले : 'अगदी बरोबर. वि. ग. खांबेटे.' मेहरुनबी ही शमशेर हवालदाराची बायको. तिचे अक्षर वर्गात सगळ्यांत वळणदार. तिचे वाक्य असे : 'मी दळण घेऊन गेले तेव्हा मास्तर दारात उभे होते. मी खाली पाहिले. ते गालातल्या गालात हसले.' त्यावर माझा शेरा : 'फारच छान. असेच चालू ठेवावे. वि. ग. खांबेटे.'

दुसऱ्या दिवशी टपाल जायचे होते. बायका काटकसरी. अर्धा कागद कोरा पडलेला, तो कोण टाकून देईल? खाली उरलेल्या जागेत त्यांनी आपापल्या नवऱ्याला आयुष्यातले पहिले पत्र स्वहस्ते लिहिले, गाईला वासरू झाल्याचे कळवले, आणि बावीस पत्रे जोतीरामच्या थैलीत टाकली. मला हे त्या वेळी माहीत नव्हते. पत्रे स्वतः लिहिली एवढेच मला सांगण्यात आले, आणि मी धन्य झालो.

पुढे दोन महिने काही घडले नाही. पौषात एका दिवशी जोतीराम बावीस लखोटे घेऊन आला आणि कट्ट्यावर बसला. सगळे गाव जमले. मीही गेलो, माझ्या विद्यार्थिनींच्या पत्रांना आलेली उत्तरे ऐकावीत, एवढाच हेतू.

पहिले पत्र नाथाजीचे, मनुबाईच्या नावे. 'आईस शिरसाष्टांग दंडवत. तुमच्या सुनेचे पत्र कंपनीत वाचले. तरी तिचा वर्ग आजपासून बंद करावा. मास्तरांपासून दहा हात लांब राहावे. तिला माहेरी धाडावे. रजेवर आल्यावर बघीन. मी खुशाल आहे.' जोतीरामने घसा साफ केला, पण ओळ दोनदा वाचायला धजला नाही. दुसरे पत्र उघडले. तेच. तिसरे तेच. पाचव्यापासून तो कागदाकडे न बघताच म्हणू लागला. बाविसावे शमशेर हवालदाराचे. बावीसांत वाचता येणारा तो एकटाच, त्यामुळे सगळ्यांची पत्रे तोच वाचायचा आणि तोच लिहायचा. एकवीस पत्रे मोठ्याने वाचून झाल्यावर त्याने स्वतःच्या बायकोचे उघडले असणार. त्या क्षणी त्या हवालदाराचे काय झाले असेल, याची कल्पना मी करू शकतो. वाक्यात उपयोग मात्र करवत नाही.

प्रत्येक पत्रासोबत पुरावा म्हणून मूळ कागद परत आला होता. बायकोचे वाक्य, आणि त्याखाली तांबड्या शाईत 'अगदी बरोबर' अशी माझी सही.

बोरजाईने आ वासला. (हा उपयोग बरोबर आहे.) सव्वाशे माणसे माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला त्या तोंडाचे काय करावे ते सुचेना.

"मास्तर," अंजना हळू आवाजात म्हणाली, "तुमीच म्हनला व्हता न्हवं, बरोबर हाय म्हनून?"

सासवांनी तिथेच कट्ट्यावर बैठक मांडली. मनुबाईचे म्हणणे, लेकाचा शब्द तो शब्द, सून उद्याच पलूसला. बाकीच्या वीसजणी मान हलवू लागल्या. तेव्हा बनुबाई उठली. हिचा एकच लेक पलटणीत, सून माझ्या वर्गात, आणि जीभ गावात पहिल्या नंबरची.

"बावीस सुना एकदम माहेरी धाडा," बनुबाई म्हणाली. "लय झ्याक. रानात जोंधळा हुबा हाय. त्यो कोन काढनार? ह्यो मास्तर?"

सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिले. या खेपेची नजर निराळी होती, पण अपमान तेवढाच. अखेर असे ठरले, की वर्ग आजपासून बंद, आणि जोंधळा खळ्यावरून घरात आला की सुना माहेरी. अंजनाने पलूसला भावाला निरोप धाडायचा. म्हणजे साधारण दीड महिना. अंजना हातात पाटी घेऊन उभी होती. तिला जोडाक्षरे येऊ लागली होती, पण लढाईवरचे हाताने लिहिलेले पत्र अजून सरळ वाचता येत नव्हते. तिचे शिक्षण एवढ्यावरच राहिले असते.

मग सल्ले सुरू झाले. बोरजाईत सल्ल्याचा दुष्काळ कधी पडत नाही. लालासाहेब पाटील संध्याकाळी स्वतः माझ्या ओसरीवर आले. भरती त्यांनी केलेली, त्यामुळे पलटणीतल्या बेदिलीचा दोष आपल्यावर येईल अशी त्यांना धास्ती.

"मास्तर, मी काय म्हंतो," ते म्हणाले, "तुमी हसला का न्हाई, ह्यात आपून शिरूच नगं. पर लोकास्नी तुमचं गाल दिसत्यात, हे तर खरं हाय न्हवं?"

"दिसतात," मी म्हणालो.

"मग ते झाका. कानावरनं मफलर घ्या, हनवटीखालनं गाठ मारा. गालच दिसला न्हाई तर हसनार कुटं?"

माणूस संकटात सापडला की तर्कशास्त्राची परीक्षा उत्तीर्ण झालेलाही असले ऐकतो. मी दुसऱ्या दिवसापासून जबडा बांधून हिंडू लागलो. परिणाम एवढाच झाला, की गावाला वाटले माझी दाढ दुखते. बनुबाई लवंगेचे तेल घेऊन आली. नको म्हणायला तोंड उघडले, तर तेवढ्यात तिने बोळा आत सारला. ज्या तोंडाबद्दल एवढा बोभाटा झाला त्यात गावातल्या बाईने भर दुपारी बोट घातले, हे चौघांनी पाहिले आणि चाळीसजणांना सांगितले.

त्या दिवसांत आमच्या भागात सरकारे दोन होती. एक साताऱ्याला कचेरीत बसणारे, दुसरे भूमिगतांचे, उसाच्या फडात. पहिल्याला माझे हसणे कळायच्या आधी दुसऱ्याला कळले. बायकांच्या अब्रूच्या बाबतीत ते सरकार फार कडक होते, आणि त्याच्या शिक्षा पायांच्या तळव्यांवर होत असत असे ऐकून होतो. एका सकाळी मी ओढ्यावर तोंड धूत असता सायकलवरून एक तरणा गडी आला. "माजं नाव सिद्धू. बाकीचं इचारू नका," तो अदबीने म्हणाला. "सोल्जरांच्या बायांकडं बघून हसता म्हनं?"

मी या कथेच्या सुरुवातीचे विधान पहिल्यांदा तिथे केले. लवंगेमुळे माझा एक गाल सुजला होता आणि मी ते विधान तसल्या तोंडाने केले. सिद्धू बराच वेळ माझे निरीक्षण करीत राहिला, मघाशी सांगितले तसा हसला, आणि सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाला, "बरं. तूर्त हसू नका. निकाल कळवू." तो निकाल मला आजतागायत कळलेला नाही.

कुटुंब त्या वेळी सांगलीला माहेरी गेले होते. त्याच कंपनीत सांगलीकडचा एक कारकून होता. त्याचे पत्र घरी, घरातून आळीत, आळीतून माझ्या मेहुण्याकडे, असे होत होत बातमी आमच्या कुटुंबापर्यंत पोहोचली. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून दिवसभर धूर खाऊन ती बोरजाईला उतरली. पिशवी खाली ठेवली, माझा मफलर सोडला, आणि मला उजेडात उभे केले.

"हसून दाखवा," ती म्हणाली.

"अगं, मी..."

"तसंच. गालातल्या गालात."

मी प्रयत्न केला. खरोखर मनापासून केला, कारण चौदा वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे चेहऱ्याबाबत प्रथमच काही मागितले होते. ती माझ्या हनुवटीला बोट लावून दोन्ही बाजूंनी बघत होती. मग तिने पिशवी उचलली आणि चुलीकडे जाता जाता म्हणाली, "असं हसला असतात तर बाई घागर टाकून पळाली असती. पाणी घेऊन घरी पोचली ना? मग नाही हसलात."

निर्दोष सुटल्याचा एवढा आनंद आणि एवढे दुःख मला एकाच वेळी पूर्वी कधी झाले नव्हते.

एव्हाना जोंधळ्याची काढणी सुरू झाली होती. आणि मग सरकारी लखोटा आला. कंपनीच्या साहेबाने वर कळवले, वरून साताऱ्याला, साताऱ्याहून तालुक्याला. 'विषय : मौजे बोरजाई येथील शिक्षक यांच्या हसण्याबाबत. लढाईवरील बावीस इसमांचे मन उद्विग्न होऊन बंदोबस्तात व्यत्यय येत आहे. सबब, सदरहू हसणे एकूण किती वेळा, कोणकोणत्या ठिकाणी व कोणाच्या परवानगीने झाले, याची समक्ष चौकशी व्हावी.'

चौकशीला मामलेदार स्वतः घोड्यावरून आले, सोबत कारकून. शाळेत टेबल मांडले. एका बाजूला बावीस बायका, दारात सासवा-सासरे, खिडक्यांत गाव. मामलेदार गंभीर, धिप्पाड, बोलताना प्रत्येक शब्दावर शिक्का मारल्यासारखे बोलत. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले.

"तोंड का बांधले आहे?"

"लोकांना गाल दिसू नयेत म्हणून," मी म्हणालो. खरे बोलण्याची सवय अशी नडते.

"लिहा," मामलेदार कारकुनाला म्हणाले, "इसम तोंड लपवून वावरतो."

मग मी माझे विधान केले. ते लिहिले गेले. कुटुंबाचा जबाब झाला : 'लग्नास चौदा वर्षे झाली. यजमान सदर प्रकारे हसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. इतर प्रकारे हसल्याचेही विशेष आठवत नाही.' तोही लिहिला गेला, आणि खिडकीतून कोणीतरी च्च् च्च् केले. मला वाटते, ते माझ्यासाठी नसून तिच्यासाठी होते.

मेहरुनबीला पुढे बोलावले. कागद दाखवून मामलेदारांनी विचारले, "हे तू लिहिलेस?"

"व्हय साहेब."

"मास्तर हसले?"

"न्हाई साहेब. हसलं असतं तर वाक्य लिवाया सोपं गेलं असतं. तासभर इचार करावा लागला."

मामलेदारांनी लेखणी खाली ठेवली. "न घडलेली गोष्ट लिहिता? आणि बावीसजणी एकाच माणसाबद्दल?"

मग अंजना उठून उभी राहिली. पदर सारखा केला, आणि जमिनीकडे बघत पण स्पष्ट म्हणाली, "साहेब, तुमीच सांगा, दुसऱ्या कुनाचं नाव लिवायचं? मालकाचं नाव बायकूनं लिवावं? सासऱ्याचं लिवावं? का पाटलांचं? गावात परका गडी ह्यो एकच. आठ्या त्येंच्याच, डोळं त्येंचंच, हसू बी त्येंचंच. आमी त्येंच्या तोंडाकडं बघून न्हाई लिवलं. त्येंचं नाव मोकळं व्हतं म्हनून लिवलं."

मामलेदारांना हे पटले की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर सरकारी कामात काही उमटत नसे. "ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्यादेखत करून दाखवा. शब्द मी देतो." त्यांनी क्षणभर छताकडे पाहिले. माझ्या समजुतीने, मास्तरांच्या नावावर सहजी घालता येणार नाही असा शब्द ते शोधत होते. "दात विचकणे. वाक्यात उपयोग करा. मास्तरांचे नाव कोणी लिहायचे नाही."

बावीस पाट्यांवर पेन्सिली टेकल्या आणि थांबल्या. बायकांनी एकमेकींकडे पाहिले, मग सगळ्यांनी मिळून खोलीतल्या पुरुषांकडे पाहिले. दारात सासरे. खिडकीत दीर. टेबलाशी पाटील. मास्तरांना बंदी. हळूहळू बावीस जोडी डोळे एका जागी येऊन ठरले, आणि मी मनात म्हणालो, नको.

पेन्सिली कुरकुरू लागल्या. मी शिकवल्याप्रमाणे बायकांनी कधी, कुठे, कोणाकडे बघून, सगळे घातले. कारकुनाने पहिली पाटी घेतली आणि सवयीने मोठ्याने वाचत नोंदवहीत उतरवायला सुरुवात केली : "'मी चावडीपुढून जात होते. मामलेदारसाहेब घोड्यावर बसले होते. ते माझ्याकडे बघून दात विचकू लागले.'" दुसरी पाटी : "'मामलेदारसाहेब विहिरीपाशी आले. तेथे मी एकटी होते. त्यांनी...'"

"थांबा," मामलेदार म्हणाले.

कारकून थांबला नाही. सरकारी नोंद मध्येच सोडता येत नाही, असे त्याने अदबीने सांगितले. तिसऱ्या पाटीवर मामलेदारांनी देवळाच्या मागे दात विचकले होते. मामलेदारांनी त्याच्या हातून वही ओढली. इतका वेळ कोऱ्या असलेल्या त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या यादीतले तीन शब्द एकापाठोपाठ एक येऊन गेले. हा अहवाल साताऱ्याला जाणार होता, तिथून पलटणीत, आणि पलटणीत बावीस नवऱ्यांपुढे तो शमशेर हवालदार मोठ्याने वाचणार होता.

"बायांनो," ते फार मऊ आवाजात म्हणाले, "पुसून टाका."

"उपेग बरोबर हाय का, साहेब?" बनुबाईच्या सुनेने विचारले.

"बरोबर आहे. पुसा."

अहवाल त्यांनी तिथेच स्वहस्ते लिहिला. त्याची नक्कल माझ्याकडे आहे : 'सदरहू हसणे हे प्रत्यक्ष घडलेले नसून केवळ लेखी आहे. प्रकार अभ्यासाचा आहे. कोणाचाही दोष नाही. यापुढे या गावी कोणीही अधिकाऱ्याने बायकांस शब्द देऊ नये.' घोड्यावर बसताना त्यांनी इकडेतिकडे न बघता, ओठ घट्ट मिटून मान सरळ ठेवली, ती वेस ओलांडेपर्यंत.

पण अहवाल तातडीच्या सरकारी डाकेने गेला, तरी ब्रह्मदेशात पोहोचून उत्तर यायला दिवस लागतात, आणि जोंधळा थांबत नाही. कणसे खुडली, खळी झाली, रास घरात आली. ठरल्याप्रमाणे पहिली पाठवणी अंजनाची, कारण मनुबाईने शब्द दिला होता. पलूसहून तिचा थोरला भाऊ अर्जुना गाडी घेऊन आला. मी जरा लांब, पिंपळाखाली उभा होतो. दहा हातांपेक्षा पुष्कळच लांब. गाडीत बोचके ठेवलेले होते. पाटी तिने बोचक्यात घातली नव्हती. ती काखेत होती.

तेवढ्यात जोतीराम टपाल घेऊन आला. बावीस लखोटे. तो सवयीने कट्ट्यावर बसला आणि वरचे पत्र फोडू लागला. "नाथाजीचं," तो म्हणाला. "पर ह्या बारीला मनुबाईच्या नावं न्हाई. 'सौ. अंजना' असं लिवलंय."

"मग द्या हिकडं," अंजना म्हणाली.

"आगं, वाचतो की."

"माझं नाव हाय न्हवं वर?" तिने त्याच्या हातातून लखोटा घेतला.

गाडीच्या चाकाला टेकून ती वाचू लागली. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवीत, मध्येच थांबून, मागे जाऊन पुन्हा. लांबून मला एवढे दिसत होते, की अक्षर शमशेर हवालदाराचे नव्हते. मोठे, वाकडे, ओळ सोडून वर चढणारे. पहिल्या महिन्यात माझ्या वर्गात असते तसे. नाथाजीने ते स्वतः लिहिले होते. हवालदाराला न दाखवता लिहायचे म्हणून कंपनीत बसून तो अक्षरे शिकला होता, हे मागाहून कळले. बैल जुंपलेले. अर्जुना कासरा धरून उभा. सगळे गाव उभे. पाव तास गेला असेल.

"काय लिवलंय गं?" मनुबाईने अखेर विचारले.

"माझं पत्र हाय, आत्याबाई," अंजना म्हणाली. मग पत्राची घडी घालून भावाकडे वळली. "दादा, बैल सोड."

तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आले त्याला मराठीत अचूक शब्द आहे. तो मी कोणत्याही वाक्यात वापरणार नाही. त्या पत्रात काय होते ते तिने आजवर सासूला, मला किंवा जोतीरामला सांगितलेले नाही, आणि तिघांतला जोतीरामच तेवढा अजून त्यावरून कुरकुरतो. बाकीच्या एकवीस पत्रांत हवालदाराच्या हातचा एकच मजकूर होता, की अहवाल वाचला, वर्ग चालू ठेवावा.

फाल्गुनात परीक्षा झाली. बावीसपैकी बावीस बसल्या आणि बावीस पास झाल्या. परीक्षकांनी प्रत्येकीला स्वतःचे नाव आणि गाव लिहायला सांगितले, चार ओळी वाचायला दिल्या, आणि ते पुढच्या गावी गेले. शब्दांचा वाक्यात उपयोग त्या परीक्षेला नसतो.